इंडक्शनचा डिस्प्ले चालू असताना ‘बोर्ड जळाला’ सांगणाऱ्याला घरात ठेवू नका

३,२९० रुपयांना घेतलेल्या इंडक्शनच्या दुरुस्तीत माझे ३,७१३ रुपये गेले. वर त्यातला कंपनीचा मूळ बोर्डही गेला. मी त्याला चोरीच म्हणते, पोलीस त्याला काहीही म्हणोत.

कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधला की अनेकदा खरा नंबर खाली आणि खोटा वर येतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी नेटवरचाच नंबर लावला, पण फोनवर मी सावध होते. ओटीपी दिला नाही, कुठल्या लिंकला हात लावला नाही, कुठलं ॲप घेतलं नाही. समोरच्यानं यातलं काही मागितलंच नाही. मॉडेल नंबर विचारला, पत्ता घेतला, ३५० रुपये व्हिजिट चार्ज यूपीआयनं भरायला सांगितला आणि दुपारी माणूस पाठवला. लोगोचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टूलबॅग. अशा माणसावर संशय घ्यायचा तर घरी येणाऱ्या प्रत्येकावर घ्यावा लागेल. पैसे मात्र एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर गेले होते. कंपनी व्हिजिट चार्ज सहसा कुणाच्या वैयक्तिक खात्यावर घेत नाही. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं. ते वाचा.

‘एवढी घाई कशाला, नवीनच घ्यायचं’ असं मला घरच्यांनीच नंतर ऐकवलं, म्हणून सांगते. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गॅसचं बटण चालू ठेवून त्या विसरल्या होत्या. तेव्हापासून आम्ही दोघं ऑफिसला निघताना रेग्युलेटर बंद करून जातो. त्यांचा चहा, दूध, दुपारची भाजी गरम करणं सगळं इंडक्शनवर. इंडक्शन बंद म्हणजे त्यांची दुपार थंड डब्यावर. आणि चांगली चाललेली वस्तू एका बिघाडासाठी टाकून देण्याची आमच्या घरात पद्धत नाही, त्यात मला काही चूक वाटत नाही.

बिघाड असा होता: चालू केलं की पंखा फिरायचा, डिस्प्लेवर ई३ यायचं, बीप वाजायचा आणि भांडं तापायचंच नाही. त्या माणसानं प्लग लावून हे सगळं पाहिलं. मग इंडक्शन पालथं घातलं, स्क्रू काढले, मल्टिमीटरच्या काड्या इकडे तिकडे टेकवल्या आणि म्हणाला, “मॅडम, आयजीबीटी शॉर्ट झालाय. तो गेला की बोर्ड गेलाच. व्होल्टेज वाढलं असणार.” तळहातावर त्यानं तीन पायांचा काळा, तडकलेला भाग धरून दाखवला. “हा बघा तुमचा.”

माझ्या हातात कंपनीची पुस्तिका होती. तिच्यात ई३ समोर स्वच्छ लिहिलं होतं: सेन्सर. मी बोलले तसं. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, “ती जुन्या मॉडेलची आहे मॅडम, नवीन सॉफ्टवेअरमध्ये ई३ म्हणजे बोर्ड.”

इथेच. याच वाक्याला त्याला बाहेर काढायला हवं होतं. पुस्तिका त्याच खोक्यातून निघालेली, मॉडेल नंबर तोच, आणि मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलं बाजूला ठेवून त्याचं ऐकलं. पण मी अकाउंट्समध्ये काम करते. आयजीबीटी कशाशी खातात हे मला त्या दुपारी कोण सांगणार होतं? जो सांगायला आला होता तोच लुटायला आला होता.

आता मला जे माहीत आहे ते नीट लिहिते, कारण हे कळलेल्या माणसाला अशी थाप पचणार नाही. घरातली २३० व्होल्टची वीज इंडक्शनमध्ये शिरते ती आधी फ्यूजमधून जाते. मग ब्रिज रेक्टिफायर तिचं डीसी करतो, ज्याचा दाब ३२५ व्होल्टच्या आसपास पोचतो. आयजीबीटी नावाचा स्विच हा प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करतो, त्यानं काचेखालच्या तांब्याच्या कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचा तळ स्वतःच तापतो. आता हा आयजीबीटी शॉर्ट झाला तर रेक्टिफायर आणि फ्यूजमधून एकदम प्रचंड प्रवाह जातो. फ्यूज त्याच क्षणी उडतो. फ्यूज उडाला की पुढे काहीच पोचत नाही: दिवा नाही, बीप नाही, पंखा नाही. इंडक्शन ठार बंद.

आमचा डिस्प्ले चमकत होता. पंखा फिरत होता. आमचा आयजीबीटी शॉर्ट असणं शक्यच नव्हतं. तळहातावरचा तो तडकलेला भाग त्याच्या बॅगेतून आला होता.

याचा पुरावाही आहे. मुलगी दहावीत आहे, तिनं इंडक्शन उघडं असताना उत्सुकतेनं एक फोटो काढला. त्या फोटोत एका बाजूला त्याचा तळहात आणि त्यावर ‘आमचा’ जळका आयजीबीटी आहे, आणि दुसऱ्या बाजूला बोर्डावर, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकखाली, आमचा खरा आयजीबीटी जागच्या जागी स्क्रूनं कसलेला आहे. काजळी नाही, डाग नाही. आयजीबीटी फुटतो तेव्हा सहसा बोर्ड काळा होतो आणि जळका वास घरभर राहतो. हा फोटो मी पुढे ज्यांना ज्यांना दाखवला त्यांतल्या एकाही अधिकाऱ्यानं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला नाही.

बोर्डाचे १,८५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३३३, म्हणजे २,१८३. आधीचे ३५० धरून २,५३३. जुना बोर्ड “एक्सचेंजमध्ये जमा करावा लागतो” म्हणून तो घेऊन गेला. जुना भाग कधीही देऊ नका. तो तुमचा आहे, तुम्ही पैसे मोजून घेतलेला. आणि कुणी उघडायला बसलाच तर आधी बोर्डावर मार्करनं सही करा आणि फोटो काढा.

इंडक्शन त्या दिवशी चालू झालं, हे मी मान्य करते. त्यानं बसवलेल्या बाजारू बोर्डाबरोबर नवा सेन्सर आला होता, म्हणून चालू झालं. थोड्याच दिवसांत सासूबाईंच्या चहाच्या वेळी फट्‌ असा आवाज होऊन ते ठार बंद पडलं. त्याच माणसाला बोलावलं, कारण त्यानं सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली होती. गॅरंटी असताना दुसऱ्याकडे कोण जाईल? आल्यावर म्हणाला, गॅरंटी बोर्डाची आहे, आता कॉइल गेली. कॉइलचे १,००० अधिक जीएसटी १८०. दिले १,१८०. एकूण ३,७१३. ते पुन्हा बंद पडल्यावर त्याचा फोन लागायचा बंद झाला.

मग मी ते पिशवीत घालून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत नेलं. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी माझं काही ऐकायच्या आधी ते उघडलं. कॉइल जुनीच होती. तिच्यावरचं कंपनीचं स्टिकर आणि आमच्या फोडणीच्या तेलाची चिकट धूळ दोन्ही शाबूत होती. बदललेल्या बोर्डावर आयजीबीटी आणि हीट सिंक यांच्यात पांढरी पेस्ट लावलेलीच नव्हती आणि स्क्रू बोटानं फिरत होता. उष्णता जाणार कुठून? यावेळी आयजीबीटी खरोखर फुटला होता. काकांनी आयजीबीटी १३०, ब्रिज ५०, फ्यूज १० आणि मजुरी २५० असे ४४० रुपये घेतले. जुने तुकडे पुडीत बांधून परत दिले. विशेष म्हणजे दुरुस्तीनंतर त्यांनी ते थेट प्लगात घातलं नाही, आधी १०० वॉटच्या बल्बमधून सिरीजमध्ये चालू करून बघितलं. कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि नवा भाग वाचतो. असा बल्ब ज्याच्या टेबलावर असेल त्याच्याकडे वस्तू द्या.

मूळ बिघाडाचं विचारलं तर त्यांनी फोटो आणि पुस्तिका बघून सांगितलं, काचेखाली मधोमध जो मण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, असतो त्याची वायर तुटली असणार. बहुतेक इंडक्शनमध्ये तो खोलीच्या तापमानाला साधारण १०० किलो-ओहम दाखवतो आणि तापला की रीडिंग उतरतं. काहीच दाखवलं नाही तर तो तुटलेला. भाग ४० रुपयांचा. चाळीस! तरीही हे वाचून कुणी स्वतः स्क्रू काढायला बसू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तुम्ही एवढंच बघा: डिस्प्ले लागतोय का, पंखा फिरतोय का, कोड पुस्तिकेत काय आहे, आणि भांड्याच्या तळाला चुंबक चिकटतो का. कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून पुस्तिका टाकू नका आणि तिच्यापेक्षा कुणाचं तोंड खरं मानू नका.

आता तक्रारीचं ऐका. मला त्या चोरापेक्षा जास्त मनस्ताप इथे झाला.

कंपनीचा खरा नंबर इंडक्शनच्या खालच्या स्टिकरवर होता. तिथून उत्तर आलं: तो आमचा माणूस नाही, आमचा संबंध नाही. तुमचा लोगो घालून माणसं लोकांच्या स्वयंपाकघरात शिरतायत, तुम्ही काय करणार? “आपली सूचना पुढे पाठवतो.” सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला. ओटीपी दिला का, लिंक उघडली का, असं विचारून झाल्यावर म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, पोलीस ठाण्यात जा. पोलीस ठाण्यात म्हणाले, नंबर नेटवर मिळाला ना, मग हे सायबरचं, तिकडे जा. मी हटले नाही तेव्हा रक्कम विचारली. रक्कम ऐकून समोरच्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, एवढ्यासाठी? आणि बोर्ड तर नवा बसवला ना त्यांनी?” फोटो पुढे केला तर “ते टेक्निकल आम्हाला नाही कळत.” शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली. त्यात लिहिलंय, ‘दुरुस्ती सेवेबाबत वाद’. वाद! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, तोतयेगिरीला कलम ३१९ आहे. खोट्या ओळखपत्रावर घरात शिरून खोटा जळका भाग दाखवणं ही तोतयेगिरी नसेल तर कशाला म्हणायची? माझी रक्कम लहान आहे म्हणून ती फसवणूक होत नाही का? हा माणूस दिवसाला किती घरं करत असेल, याचा विचार त्या खुर्चीत बसणाऱ्यानं करायचा नाही तर कुणी करायचा?

बँकेनं सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार नाही. खातेदाराचा पत्ता हवा तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात एनसीवर पत्र निघत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली, ती कंपनीकडे पाठवली, कंपनीनं ‘आमचा तंत्रज्ञ नाही’ कळवलं आणि माझ्या मोबाइलवर मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. कुणाची निघाली? माझी तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही, तो कायदा चांगला आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता बँकेत अडकलाय, बँक पोलिसांच्या पत्राला अडलीय. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकत या चक्रात फिरले. सर्चमधल्या त्या नोंदीची तक्रार केली, तर तोच नंबर आता दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली दिसतोय.

बिलाचं राहिलं. त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला होता, म्हणून मी निश्चिंत होते, आणि माझ्या कामाच्या माणसानं निश्चिंत होणं साहजिक आहे. सुरुवातीचे २७ महाराष्ट्राचे बरोबर होते. घरी मोजले तर अक्षरं १४. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तो फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा, माणूस समोर बसलेला असताना. क्रमांकच खोटा, म्हणजे ५१३ रुपये जीएसटीच्या नावानं घेतले ते सरकारला पोचलेच नाहीत. निदान या मुद्द्यावर तरी सरकारी माणूस ताठ बसेल असं वाटलं होतं, तर ठाण्यात सांगितलं की ते जीएसटी कार्यालयाचं काम.

ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फोटो, दोन्ही बिलं, पुस्तिकेचं पान, एनसीची प्रत आणि तपकीर गल्लीतल्या काकांनी लिहून दिलेला कागद जोडून माझा अर्ज तयार आहे, तो याच आठवड्यात टपालानं जाईल. तुमच्याही घरी लोगोचा टी-शर्ट घातलेल्या माणसानं १४ अक्षरी जीएसटी क्रमांकाचं बिल ठेवलं असेल तर ते फाडू नका. रक्कम कितीही लहान असो, आपल्या ठाण्यात लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.