दोन उन्हाळे वापरलेली स्टीलची थंड बाटली, अकोल्याच्या तपनीतला अनुभव

माझं काम औषध कंपनीत, पूर्ण फिरतीचं. अकोला, पातूर, वाशीम, कधी मूर्तिजापूर, अर्धं बाइकवर अर्धं एसटीनं. मार्च लागला की डोक्याला दुपट्टा आणि दिवसातून दोनदा पानठेल्यावरून एक थंडगार बिसलरी (आमच्याकडं कुठल्याही कंपनीची असो, म्हणतात बिसलरीच) असं वर्षानुवर्षं चालू होतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक लिटरची दुहेरी भिंतीची, म्हणजे व्हॅक्यूमवाली स्टीलची बाटली ऑनलाइन घेतली, ८५० रुपयांना. आता दोन उन्हाळे झाले म्हणून लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, पण बाटलीचं खरं काय ते वापरता वापरताच कळतं.

आधी एक सांगतो. मी बाटली वापरत नव्हतो असं नाही, घरी साधी एकेरी स्टीलची होतीच, सकाळी भरून पण न्यायचो. पण अकरा वाजेपर्यंत त्यातलं पाणी इतकं गरम व्हायचं की घोट घशाखाली उतरायचा नाही, मग पाणी बॅगेत असून सुद्धा २० रुपये टाकून थंड बाटली घ्यायची. आमच्या भागात माणूस प्लास्टिकची बाटली पाण्यासाठी विकत घेत नाही हो, थंडाव्यासाठी घेतो. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला होता आणि उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, त्या दिवसांत कुणाला "घरून पाणी न्या" म्हणून काय उपयोग. थंड राहणारं पाणी हातात असलं तरच ती बाटली सुटते.

तर थंड राहतं का? राहतं. मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काचेचं थर्मामीटर आणलं होतं त्यानं एका रविवारी मुद्दाम मोजलं. सकाळी ७ ला बर्फाचे चार तुकडे टाकून पाणी भरलं तेव्हा ७ अंश होतं, दोन्ही बाटल्यांत सारखंच, आणि दोन्ही बाटल्या गच्चीच्या जिन्यात ठेवल्या. दुपारी २ ला व्हॅक्यूमवालीत १३ आणि साध्या बाटलीत ३८. रात्री ८ ला पहिलीत १९. माठाचं पाणी बर्फ न टाकता भरलं तरी दुपारी माठासारखंच लागतं, मला तर तेच आवडतं, घसा धरत नाही.

माझ्या वडिलांकडं किंतानाची छागल होती, बैलगाडीला बांधायचे. कापड ओलं राहायचं, पाणी झिरपून वाळायचं आणि वाळता वाळता आतलं गार करायचं. या बाटलीचं उलटं आहे, दोन भिंतींच्या मधली हवा काढून घेतलेली असते त्यामुळं बाहेरची तपन आत शिरत नाही. म्हणजे ही बाटली पाणी थंड *करत* नाही, जसं भरलं तसं ठेवते फक्त. हे समजून घ्या, नाहीतर नळाचं कोमट पाणी भरून दिवसभर कोमटच प्याल आणि बाटलीला शिव्या द्याल.

आता तक्रारीचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिसऱ्या महिन्यात झाकणाचं रबर सैल पडलं, बॅग आडवी झाली आणि डॉक्टरांना द्यायची सगळी सॅम्पलं, माहितीपत्रकं भिजली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे रबर सुटं मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागेल, ३५० रुपये. खूप राग आला. दहा वर्षं चालणारं स्टील विकायचं आणि त्याचं बोटभर रबर द्यायचं नाही, मग माणूस बाटली फेकणारच ना, मग त्या प्लास्टिकच्या बाटलीत आणि हिच्यात फरक काय राहिला? शेवटी जुन्या शहरातल्या कुकर दुरुस्तीवाल्याकडं गेलो, त्यानं डब्यात हात घालून चार रबरं काढली, एक बरोबर बसलं, २० रुपये. तेच आजही चालू आहे. बाटली घेताना रंग नंतर बघा, आधी झाकण उघडून रबर निघतं का आणि सुटं मिळतं का ते विचारा.

स्टीलचं म्हणाल तर बुडाला ३०४ किंवा १८/८ लिहिलेलं बघा, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात, त्यावर फार भरवसा ठेवू नका, कारण स्वस्तातल्या २०२ नंबरच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही आणि चांगल्या ३०४ ला दाबून आकार दिला की थोडंसं चिकटू शकतं. बिल घ्या, ओळखीच्या भांड्याच्या दुकानातून घ्या.

एकदा बाइकवरून पडली, बुडाला पोचा आला. पोचा आला की आतला व्हॅक्यूम गेला असेल अशी भीती असते. तपासायचं सोपं आहे, उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा, गरम लागली तर गेली. थंड पाणी भरल्यावर बाहेरून घाम आला तरी तेच समजा. माझी वाचली.

वजन आहे, भरल्यावर दीड किलोच्या आसपास, खांद्याला जाणवतं. तोंड अरुंद आहे, हात जात नाही, लांब ब्रश घ्यावाच लागतो. ताक भरू नका राजेहो. मी एकदा भरलं आणि संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं, झाकण उघडताना फस्सकन आवाज आला आणि वास आठवडाभर गेला नाही. शेवटी गरम पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवलं, रबर काढून वेगळं भिजवलं तेव्हा गेला. वास भांड्याला नसतो, रबराखालीच बसलेला असतो.

भरायची सोय कुठं होते हा प्रश्न सगळे विचारतात. मला तर कधी अडचण आली नाही. मेडिकल स्टोअर, दवाखाने, सगळीकडं थंड पाण्याचे जार असतात, बाटली पुढं केली की कुणी नाही म्हणत नाही, उन्हाळ्यात पाण्याला नाही म्हणायची रीतच नाही आपल्याकडं. वाशीम रोडला पाणपोया लागतात, लाल फडकं गुंडाळलेले रांजण आणि लांब दांड्याचं ओगराळं. अरुंद तोंडाच्या बाटलीत ओगराळ्यानं भरताना अर्धं पाणी सांडतं आणि ते मला फार लागतं मनाला, म्हणून पुढची बाटली रुंद तोंडाचीच घेणार. बाकी ही कल्पना काही नवी नाही, आजी पंढरपूरला जाताना फिरकीचा तांब्या घेऊन जायची, झाकण फिरवून लावलं की थेंब सांडायचा नाही. पितळेचा, आजही घरात आहे, गळत नाही.

हिशोब सांगतो. मी दिवसाला २ बाटल्या घ्यायचो, महिन्याला २६ दिवस काम, मार्च ते जून चार महिने, म्हणजे एका उन्हाळ्यात २०८ बाटल्या, २० रुपयांप्रमाणे ४१६० रुपये. एकट्या माणसाच्या. २०१८ च्या जानेवारीत मोर्णा नदीच्या सफाईला सगळं अकोला उतरलं होतं तेव्हा मी पण होतो, जलकुंभी ओढली की तिच्या मुळांत गुंतलेल्या बाटल्या वर यायच्या, गाळानं भरलेल्या. लोक म्हणतात भंगारवाला नेतो ना, मग कशाला काळजी. हातात दिलेली, कोरडी बाटली नेतो, तिचा धागा होतो हे खरं आहे. पण एसटीच्या खिडकीतून फेकलेली, चिखल भरलेली बाटली कोण उचलणार? मी स्वतः खिडकीतून कधी फेकली नाही, पण सीटखाली सोडून उतरलोय, आणि झाडणारा ती कुठं टाकतो ते कधी पाहिलं नाही. त्या दिवशी नदीत पाहिलं.

या दोन उन्हाळ्यांत विकतची बाटली मोजून अकरा वेळा घेतली. बहुतेक वेळा बाटली घरी विसरलो म्हणून, दोनदा लग्नात.

बाटलीला पाचपैकी चार, रबराच्या त्रासाचा एक कापला. मुलीसाठी शाळेला अर्ध्या लिटरची घेतलीये, रुंद तोंडाची, भांड्याच्या दुकानातून, आणि दुकानदाराकडून दोन रबरं आधीच जास्तीची मागून ठेवलीत.