हरिपूरच्या संगमावर महिनाभराचे कार्तिकस्नान : सांगलीतील एका सेवेविषयी

सांगलीच्या गावभागातील एक गुरुजी आणि त्यांचा पुतण्या कार्तिकस्नानासाठी पहाटेची गाडी चालवतात. विश्रामबाग आणि गावभाग येथून नेमकऱ्यांना घ्यायचे, हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर संकल्पपूर्वक स्नान, मग संगमेश्वराचे दर्शन, घटकाभर कार्तिकमाहात्म्याचे वाचन आणि उजाडल्यावर घरपोच परत, असा तिचा क्रम आहे. या वर्षी कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ७ ऑक्टोबर २०२५ पासून, ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत माझ्या सासूबाईंनी हा नेम धरला आणि त्यांच्या सोबतीला मीही जात होते. पुढील माघस्नानासाठी कोणी या सेवेचा विचार करत असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अशा सेवेचे मोल गाडीच्या आसनांवरून किंवा चहाच्या चवीवरून ठरवता येत नाही. कार्तिकस्नान हे व्रत आहे. ते वेळेवर, संकल्पासह आणि खंड न पडता व्हावे, ही त्याची अट असल्याने सेवा देणाऱ्याने ती अट कितपत सांभाळली, हेच पाहावे लागते. या कसोटीवर ही सेवा बहुतांशी उतरते. ती जेथे उणी पडते, ते पुढे लिहिलेच आहे.

प्रथम वेळेविषयी. प्रातःस्नानाचा काळ अरुणोदयाचा, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटिकांचा सांगितला आहे. एक घटिका चोवीस मिनिटांची, म्हणून हा काळ सुमारे दीड तासाचा होतो. या दिवसांत सांगलीचा सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान असल्याने पाचच्या सुमारास घाटावर पोहोचणे योग्य ठरते, आणि नरकचतुर्दशीचा दिवस सोडला, तर महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत गाडीने ही वेळ कधी चुकवली नाही. निघण्यापूर्वी घरी साध्या पाण्याने अंग धुऊन यावे, अशी सूचना गुरुजी पहिल्याच दिवशी देतात. अंगाचा मळ नदीत धुवायचा नसतो, तो घरीच काढून मग तीर्थात उतरायचे, हा शास्त्राचा मूळ नियम आहे. साबण, शाम्पू आणि दात घासणे घाटावर पूर्णपणे बंद आहे, आणि हा नियम पुतण्या कोणाचीही भीड न ठेवता पाळायला लावतो.

आश्विन चालू असताना कार्तिकस्नान कसे सुरू होते, असा प्रश्न गाडीत नव्याने येणारे हमखास विचारतात. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आपला कार्तिक बलिप्रतिपदेला लागतो. स्नानाचे व्रत मात्र पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत धरण्याची परंपरा आहे. सूर्य तुळेत, मकरेत आणि मेषेत असताना प्रातःस्नान करावे, अशी सौरमानाची गणनाही प्रचलित असून तिच्यातूनच कार्तिक, माघ आणि वैशाख ही स्नानाची तीन प्रमुख मासव्रते ओळखीची झाली आहेत. हे सारे गुरुजी गाडीत बसल्या बसल्या सोप्या शब्दांत सांगतात, आणि पहिल्या पंधरवड्यातील संकल्पात मासाचे नाव आश्विनच उच्चारतात. ही काटेकोर वृत्ती मला फार आवडली.

संकल्पाचा भाग या सेवेतील सर्वांत चांगला आहे. संवत्सर, दक्षिणायन, शरद ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांचा उच्चार करून प्रत्येकाला स्वतःचे गोत्र आणि नाव स्पष्ट म्हणायला लावले जाते. ज्यांना गोत्र ठाऊक नाही, त्यांना काश्यप गोत्र सांगितले जाते. उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतले, की ते बोटांच्या फटींतून गळून खाली सांडू नये म्हणून गुरुजी सासूबाईंच्या हाताखाली आपले ताम्हण धरून ठेवत आणि त्यांचे शब्द पूर्ण होईपर्यंत थांबत. सासूबाईंचा उच्चार आता संथ झाला आहे, परंतु त्यांना एकदाही घाई केली गेली नाही. नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून बुडी मारायची, हेही प्रत्येकाला नीट दाखवले जाते. स्नानाच्या वेळी ज्या सात नद्यांना पाण्यात येण्याची प्रार्थना केली जाते, त्यांत गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी आहेत. आपल्या कृष्णेचे नाव त्या श्लोकात नाही. म्हणून गुरुजी त्यानंतर कृष्णा आणि वारणा यांना वेगळा नमस्कार करायला सांगतात, आणि तसा तो करायलाच हवा असे मलाही वाटते.

कृष्णेची उणीव भरून निघते ती वाचनात. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात कृष्णेच्या उत्पत्तीची कथा आली आहे. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाचा यज्ञ चालला असता ज्येष्ठ पत्नीला येण्यास उशीर झाला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले गेले. त्या रागाने ज्येष्ठ पत्नीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला आणि विष्णू कृष्णा झाले, शंकर वेण्णा झाले, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाले, अशी ती कथा आहे. गुरुजींनी हा अध्याय मंदिरात न वाचता घाटाच्या पायरीवर बसून वाचला. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मिळते, आणि म्हणून हरिपूरला वारणेची भेट होण्यापूर्वीच कृष्णेच्या पात्रात तिन्ही देव एकत्र आलेले असतात, असे त्यांनी समोरच्या पाण्याकडे हात करून सांगितले. अनेक वर्षे या नदीच्या काठी राहूनही आमच्यापैकी बहुतेकींना ही जोडणी ठाऊक नव्हती. दामोदराच्या, म्हणजे कार्तिकाच्या महिन्यात कृष्णेत उतरणे म्हणजे प्रत्यक्ष विष्णुरूपात उतरणे, ही श्रद्धा त्या दिवसापासून सासूबाईंच्या बोलण्यात सतत येते.

सुरक्षिततेची व्यवस्था चोख आहे. पावसाळ्यात पायऱ्यांवर बसलेला गाळ कार्तिकातही पुरता निघालेला नसतो आणि शेवाळामुळे पाय सरकतो. पुतण्या सर्वांच्या आधी उतरून खराट्याने खालच्या पायऱ्या घासतो, काथ्याचा जाड दोर बांधतो आणि त्या दोरापलीकडे कोणालाही जाऊ देत नाही. संगमावर दोन प्रवाहांची ओढ असल्याने हे आवश्यकच आहे. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी असेल, तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी पाहूनच गाडी निघते. एका पहाटे पाणी वाढलेले दिसल्याने त्यांनी बुडी रद्द करून तांब्याने स्नान घातले आणि त्यावर वाद घालू दिला नाही. महिलांसाठी कपडे बदलण्याचा ताडपत्रीचा आडोसा मात्र वाऱ्याने उडतो. तेथे लोखंडी चौकट हवी.

पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न टाळून चालणार नाही. शेरी नाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते, हे सांगलीकरांना नव्याने सांगायला नको, आणि हरिपूर त्याच्या खालच्या अंगाला आहे. गुरुजी ही गोष्ट लपवत नाहीत. पाण्याला वास येत असेल, तर डोक्यावर प्रोक्षण करून, म्हणजे थोडे पाणी शिंपडून, पाय धुवावेत आणि पूर्ण स्नान घरी करावे, असे ते स्पष्ट सांगतात. शिवाय दर गुरुवारी ते गाडी वरच्या अंगाला, भिलवडीजवळच्या औदुंबरला नेतात. नृसिंह सरस्वतींनी जेथे एक चातुर्मास काढला, त्या दत्तस्थानी स्नान आणि पादुकांचे दर्शन दोन्ही घडते. औदुंबरच्या फेरीचे शुल्क वेगळे आहे, पण माझ्या मते ते द्यावे.

उपाहाराविषयी थोडक्यात. चातुर्मासाच्या चौथ्या महिन्यात द्विदल धान्य वर्ज्य असते, म्हणून कार्तिकी एकादशीपर्यंत उपिटाच्या फोडणीतही उडदाची डाळ नव्हती. द्वादशीनंतर ती आली. कार्तिकात तेल लावून स्नान करायचे नसते, त्याला अपवाद नरकचतुर्दशीचा. त्या दिवशी घरचे अभ्यंगस्नान आटोपता यावे, म्हणून गाडी उशिरा आली आणि त्याची कल्पना आदल्या दिवशीच दिली गेली होती.

आता उणिवा. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंतच्या पाच दिवसांत नवे भाविक इतके घेतले गेले, की गाडीला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. ज्याला महिनाभर जमत नाही, त्याने अखेरचे तीन दिवस तरी स्नान करावे, अशी सवलत शास्त्रातच असल्याने गर्दी होणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या फेरीतील मंडळी घाटावर पोहोचली, तेव्हा सूर्य वर आला होता. पहाटेच्या स्नानासाठी पैसे घेऊन लोकांना सूर्योदयानंतर पाण्यात उतरवणे, हा या सेवेतील खरा दोष आहे आणि तो क्षुल्लक नाही. त्या दिवसांत संकल्पही सामुदायिक झाला, गोत्रोच्चार वगळला गेला. दुसरे म्हणजे, शेवटच्या आठवड्यात संगमाचे पाणी बाटलीत भरून विकायला ठेवले होते. नदीकाठच्या गावात तीर्थ विकत देणे शोभत नाही. गुरुजींच्या कानावर हे घातले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतले.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ मात्र मनापासून आवडावी अशी होती. त्रिपुरासुराच्या वधाचे स्मरण म्हणून दिवे सोडताना थर्माकोलचा वापर झाला नाही. पानांच्या द्रोणात तुपाची वात होती, आणि काठाला अडकलेले द्रोण व निर्माल्य दुसऱ्या दिवशी पुतण्याने पोत्यात भरून परत आणले.

महिन्याचे शुल्क आरंभीच द्यावे लागते, दक्षिणा ऐच्छिक आहे. हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी ही सेवा घेऊ नये. त्यांच्यासाठी मंत्रस्नान (मंत्र म्हणत अंगावर पाणी शिंपडणे) आणि मानसस्नान (मनोमन देवाचे स्मरण करणे) सांगितलेले आहे, आणि गुरुजी स्वतः तशांना घरी येऊन विधी शिकवतात. माघस्नान ३ जानेवारी २०२६ च्या पौष पौर्णिमेपासून १ फेब्रुवारीच्या माघ पौर्णिमेपर्यंत आहे, तर १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ येतो. या दोन्हींसाठी ते नावनोंदणी करत आहेत. आम्ही माघासाठी नाव दिले आहे, आणि देताना अखेरच्या दिवसांत दुसरी गाडी ठेवावी अथवा नवी नावे घेऊ नयेत, अशी विनंती त्यांना लेखी केली आहे.