ढोकीच्या वाघिणीची डागडुजी : लातूरच्या एका कारखान्याचा अनुभव

बार्शी लाइट रेल्वे या अरुंद रुळांच्या जुन्या रेल्वेची एक बंद वाघीण, म्हणजे मालडबा, कित्येक वर्षे ढोकीजवळच्या आमच्या शेतात कडबा साठवण्याच्या कामी होती. वडिलांनी ती भंगारवाल्याकडून चाकांविना घेऊन विटांच्या खांबांवर बसवली होती. तळाचा पत्रा कुजून पायाखाली दबू लागला, तेव्हा गेल्या हिवाळ्यात आम्ही ती लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशन कारखान्याकडे दुरुस्तीला दिली.

त्यांच्या कामाचा सर्वात चांगला भाग सांगाड्याचा. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा २ फूट ६ इंची (दोन रुळांमधले अंतर) मार्ग सुरू केला, तेव्हा मालडब्यांसाठी २५ फूट लांब व ७ फूट रुंद असा एकाच मापाचा, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा वापरला. डबा हलका राहावा, माल अधिक भरावा आणि तरीही ३० पौंडी (दर यार्डाला ३० पौंड वजनाच्या) हलक्या रुळांवर प्रत्येक आसाचा भार ५ टनांच्या आत राहावा, असा त्यामागचा हिशेब होता. आमच्या वाघिणीला टेप लावला, तर माप तेच निघाले. पत्रा मुडपून केलेल्या कडांत मात्र पाणी व धूळ साचते आणि गंज आतून धरतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच कड पोखरलेली असते. कारखान्याच्या मुख्य मिस्त्रींनी हातोडीच्या आवाजावरून अशा जागा अचूक शोधल्या, कुजलेला भाग तेवढाच कापला आणि जोड द्यायला सरसकट वेल्डिंग न करता भट्टीत लालभडक केलेले रिबीट (पत्रे जोडायच्या लोखंडी मेखा) वापरले. एकाने मागून डॉली, म्हणजे टेकू देणारा जड लोखंडी ठोकळा, दाबून धरली आणि दुसऱ्याने टोक ठोकून गोल केले. निवताना रिबीट आकसते आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट ओढले जातात. आजही तिथे सुरीचे पाते शिरत नाही.

रंगाच्या कामाबद्दल मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. वाघीण पाठवण्यापूर्वी मी दाराशेजारचा तळहाताएवढा भाग हळूहळू खरवडला होता. राखाडी थराखाली तपकिरी आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांचा अर्धवट ठसा दिसत होता. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली; तो ठसा त्याआधीचा की नंतरचा, हे त्या थरांवरून कदाचित कळले असते. तो भाग सोडून द्या, असे मी तोंडी सांगितले होते, पण त्यांनी सगळीकडे वाळूचा मारा केला, पुट्टी भरली आणि वर चकचकीत लाल रंग चढवला. काम नऊ आठवडे लांबले, याचे मला फारसे वाईट वाटत नाही. रिबिटांना वेळ लागतोच.

लातूरपर्यंत १९११ साली पोहोचलेल्या या रेल्वेचा कुर्डुवाडी-लातूर भाग २००७ व २००८ मध्ये दोन टप्प्यांत ब्रॉडगेज झाला आणि तिचे जे डबे अजून कुणाच्या शेतात वा अंगणात उरले असतील, त्यांच्या मालकांनी लोखंडाच्या कामासाठी या मंडळींकडे निःशंक जावे. मात्र कोणता थर खरवडायचा नाही, हे खडूने डब्यावरच लिहून द्यावे, फोटो काढून ठेवावेत आणि वाळूच्या माऱ्याच्या दिवशी स्वतः हजर राहावे.