रोटरी की इनलाइन? कमिन्स बसवलेला जुना पिकअप घेताना

इंजिन बदललेला जुना अमेरिकन पिकअप घ्यायचा म्हटलं की चासीचा गंज आणि गिअरबॉक्सची अवस्था सगळेच बघतात. त्यात मी नवीन काय सांगणार? खरा घोळ होतो बॉनेट उघडल्यावर. फोर्डच्या किंवा शेवरलेच्या अंगात कुणीतरी 5.9 लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं कमिन्स 6बीटी डिझेल इंजिन बसवलेलं असतं, आणि प्रश्न उरतो सिलिंडरमध्ये डिझेल दाबानं सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाचा. 1989 ते 1993 च्या डॉजमधून काढलेल्या इंजिनावर बॉशचा व्हीई, म्हणजे रोटरी पंप येतो. 1994 ते 1998 च्या इंजिनावर पी7100, म्हणजे इनलाइन. दोन्ही चालवून बघितल्यावर मी व्हीईवाला ठेवला. माझ्यासारखे कमीच, हे मान्य.

ओळखायला दोन्ही सोपे. लांबट पेटीसारखा पंप आणि वर ओळीनं उभ्या सहा नळ्या, तो इनलाइन. आकारानं लहान आणि मागच्या तोंडातून गोलाकार नळ्या निघालेला, तो रोटरी. पण डोळ्यांवर थांबू नका, कारण पंपही बदलतात. इंजिनाच्या पुढच्या गिअर हाउसिंगवर, पंपाच्या बाजूला, डेटा प्लेट असते. त्यावरचा सीपीएल, म्हणजे कंट्रोल पार्ट्स लिस्टचा क्रमांक महत्त्वाचा; मूळ पंप, टर्बो, पिस्टन कोणते होते ते त्यावरून निघतं. सीपीएल रोटरीचा आणि समोर लटकतोय इनलाइन, तर पंप नंतर कुणीतरी चढवलाय. सीपीएल जनरेटरचा निघाला तर जास्त सावध व्हा, कारण त्याचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा भाग, एकाच फेऱ्यांवर टिकून राहण्यासाठी लावलेला असतो आणि रस्त्यावर तो विचित्र वागतो. प्लेटवर रंग मारलेला असेल तर खरवडून बघा. प्लेटच नसेल तर पुढे प्रत्येक सुटा भाग मापं घेऊन मागवायची तयारी ठेवा.

ताकदीत इनलाइन सरळ जिंकतो, तिथे वाद नाही. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या आहे. रोटरीत एकच प्लंजर सहाही सिलिंडरना डिझेल वाटतो. शिवाय इनलाइनला वंगण मिळतं ते इंजिन ऑइलचं. व्हीई डिझेलवरच वंगण भागवतो, म्हणून डिझेलात पाणी किंवा कचरा आला की पहिला बळी त्याचा. जड ट्रेलर रोज ओढायचा असेल किंवा मूळच्या दुप्पट ताकद काढायची असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. इनलाइन घ्या.

माझा निर्णय फिरला तो वेगळ्याच कारणानं. आधीच्या मालकानं काय करून ठेवलंय, हे इनलाइनवर बाहेरून कळतच नाही. मला जवळजवळ पसंत पडलेल्या ट्रकचा मालक ‘पंपाला हात लावलेला नाही’ असं छातीठोक सांगत होता. टर्बोच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणारी एएफसीची डबी पंपाच्या डोक्यावर बसते. तिचा एक बोल्ट कारखान्यातच डोकं तुटेल असा आवळलेला असतो, म्हणजे उघडली तर कळावं. या ट्रकवर त्या जागी साधा षटकोनी बोल्ट होता. त्याच्या परवानगीनं डबी काढली, तर आतली फ्युएल प्लेट, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारी पट्टी, ग्राइंडरवर हातानं घासलेली. तिच्यावरचा क्रमांकही गेलेला. बरं, एवढं उघडून फक्त प्लेट समजली. डिलिव्हरी व्हॉल्व्ह कोणते, गव्हर्नरच्या स्प्रिंगा कोणत्या, ते आणखी आत. टायमिंगची, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटतं त्याची, तीच कथा. पंपाचा गिअर निमुळत्या शाफ्टवर नुसत्या पकडीनं बसतो. कुणी तो हलवून परत आवळताना शाफ्टवर तेलाचा अंश ठेवला असेल तर भाराखाली गिअर सरकतो, गाडी मंदावते, आणि आपण टर्बो आणि नोझल तपासत बसतो.

व्हीईवर हेच उद्योग बाहेर दिसतात. डिझेल वाढवायचा स्क्रू पंपाच्या मागे असतो. त्याची अडवणूक करणारी कडी घासून काढली असेल तर टॉर्चच्या उजेडात चकाकी दिसते. वरच्या झाकणाचे चार स्क्रू काढले की डायाफ्राम, त्याखालची पिन आणि दातेरी चाक, सगळं समोर. पिन कुठल्या बाजूला फिरवलीय तेही कळतं. टायमिंगसाठी पंपच तीन नटांवर फिरवतात, त्यामुळे फ्लँजवरच्या मूळ खुणेपासून तो किती सरकलाय ते बघून घ्यायचं. गव्हर्नरची स्प्रिंग मात्र इथेही पोटातच. तिच्यासाठी गाडी पळवून बघावी लागते. मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या बऱ्याच वर गेल्यावरही इंजिन जोमानं ओढत असेल तर स्प्रिंग बदललेली समजा.

व्हीईचाही एक सापळा आहे, तो लपवत नाही. त्याला टाकीकडून येणारं डिझेल कमी दाबानंच लागतं. ताकद वाढवायच्या नादात लोक इनलाइनला चालेल असा जोरकस इलेक्ट्रिक पंप लावतात, मग व्हीईच्या शाफ्टचं पुढचं सील जातं आणि डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर आणि वासही डिझेलचा, असं असेल तर चालवून बघायच्या आधीच थांबा.

बाकीच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. पुढच्या गिअर हाउसिंगमधली डॉवेल पिन सुटून गिअरमध्ये पडते, हा बारा व्हॉल्व्हवाल्यांचा जुना रोग. तिच्यावर अडसर पट्टी लावलीय का ते विचारा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या अॅडॅप्टर प्लेटवर बनवणाऱ्याचं नाव असेल तर फोटो काढून ठेवा, क्लच मागवताना लागतो. इंजिन चारशे किलोंच्या वर जातं, त्यामुळे पुढच्या डिफरन्शियलच्या ओतीव अंगावर 44 आहे की 60 तेही बघा; हे डाना अ‍ॅक्सलचे क्रमांक. जास्त दणकट 60 असेल तर बरं. रोटरीवाल्या इंजिनावरच्या टर्बोला वेस्टगेटची, म्हणजे जादा दाब आवरणाऱ्या झडपेची, डबी आणि दांडी दिसली तर सहसा तो नंतरच्या इंजिनाचा एचएक्स35 असतो. हा बदल मला तरी आवडतो, खालच्या फेऱ्यांत इंजिन लवकर जागं होतं.

पंप खोलून चाचणीच्या बाकावर लावणारा जाणता माणूस हाताशी असेल, किंवा विकणारा फ्युएल प्लेट, स्प्रिंगा आणि टायमिंग यांची लेखी नोंद देत असेल, तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. मग इनलाइनच घ्या म्हणेन. अशी नोंद देणारा विक्रेता मला काही भेटला नाही.