वॉटरप्रूफ गोंद, आठ महिन्यांनी: डब्याची मागची बाजू आधी वाचा

परवा गॅलरीतला बाक सरकवायला उचलला आणि एक पाय जमिनीवरच राहिला. सांधा अख्खा सुटून आला. बाकावर रोज पाणी घालायच्या कुंड्या होत्या, कुणी बसलेलं नव्हतं हे नशीब. तो सांधा ज्या पांढऱ्या गोंदाने जोडला होता, तोच मी ओळखीतल्या चार जणांना घ्यायला लावलाय, त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

घरातल्या कामात त्याने एकदाही दगा दिलेला नाही. पुस्तकांचं कपाट, दोन ड्रॉवर, पाइनच्या फळ्या कडेला कड लावून केलेला टेबलाचा माथा, सगळं जसंच्या तसं. उरलेला एक जोड मुद्दाम हातोडीने फोडला, तर लाकूड फाटलं पण सांधा नाही. तासाभराने क्लॅम्प काढतो, वजन टाकायला मात्र २४ तास थांबतो.

बाकाचं कळवल्यावर कंपनीकडून तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: पाणी साचत असेल तर आमची जबाबदारी नाही. मग डब्याच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ कशाला? डबा फिरवून पाहिला. मागे, डोळे बारीक करून वाचावं लागेल असं ‘डी३’ लिहिलेलं. ही युरोपच्या ईएन २०४ मानकातली, लाकडाचा गोंद पाण्यात किती टिकतो याची प्रतवारी, डी१ ते डी४. डी३च्या चाचणीत चिकटवलेले तुकडे ७ दिवस वाळवतात, मग ४ दिवस थंड पाण्यात ठेवतात. कोरड्या सांध्याला प्रति चौरस मिलिमीटर १० न्यूटन ताकद लागते. भिजलेल्याला २ पुरते. म्हणजे ओल्यात पाचवा हिस्सा ताकद उरली तरी पास! डी४ला ४ लागते, शिवाय ६ तास उकळत्या पाण्यातून जावं लागतं. डी३ आणि डी४चे डबे शेजारी ठेवले तर पुढच्या बाजूचा शब्द एकच, ‘वॉटरप्रूफ’, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर तुटलेला पाय पुन्हा उजेडात धरला आणि मत थोडं बदलावं लागलं. सुटलेल्या जागी गोंदाचा गुळगुळीत पापुद्रा होता, लाकडाची एक रेषाही त्याला चिकटलेली नव्हती, म्हणजे गोंदाने लाकूड धरलंच नव्हतं. पाय सागवानी आहेत. सागाला अंगचं तेल असतं, ते वर आलं की गोंद नीट धरत नाही, आणि मी रंधा मारून पाय दोन आठवडे तसेच ठेवले होते. रंधा मारल्या दिवशीच, ॲसिटोनने पुसून चिकटवायला हवे होते. त्याच बाकाच्या पाइनच्या पट्ट्या तेवढंच पाणी खाऊनही जागच्या हललेल्या नाहीत. तेव्हा पायाची चूक बरीचशी माझी. लेबलाबद्दलची तक्रार मात्र मी मागे घेत नाही.

दुरुस्तीला तोच गोंद चालत नाही, वाळलेल्या पापुद्र्यावर तो नीट धरत नाही. पटाशीने पार लाकडापर्यंत खरवडलं, त्यात सांधा सैल झाला. पॉलियुरेथेन जातीचा गोंद फुगून फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात जोर नसतो. म्हणून ॲसिटोनने पुसून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, भरला.

डब्यात पाव भाग गोंद उरलाय. टाकवत नाही, अजून एका ड्रॉवरला पुरेल. झाकणावर मार्करने ‘फक्त घरात’ लिहून ठेवलंय.