एका शनिवार-रविवारात तीन स्पर्धा: एन वन एमएम लॉगर प्लस कसे चालले

जानेवारीच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी हॅम रेडिओवर, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवर, ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्याच्या स्पर्धांची अक्षरशः दाटी होते. फ्रान्सच्या आरईएफ या हौशी रेडिओ संघटनेची मोर्सची स्पर्धा शनिवारी आपल्या वेळेनुसार सकाळी साडेअकराला सुरू होते आणि रविवारी रात्री साडेअकरापर्यंत चालते. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ब्रिटनच्या बार्टग या गटाची आरटीटीवाय (रेडिओवरून टंकित मजकूर पाठवण्याची पद्धत) स्प्रिंट सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ तासाभरात बेल्जियमच्या यूबीए या संघटनेची बोलण्याची, म्हणजे एसएसबीची स्पर्धा. याच दिवसांत १६० मीटर बँडची (तरंगलांबीवरून ओळखला जाणारा वारंवारतेचा पट्टा) अशीही मोठी स्पर्धा असते. परंतु तिथल्या अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोल या तारेच्या अँटेनाला सुमारे ७८ मीटर तार लागते आणि ती आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मावणे शक्य नाही. उरलेल्या तिन्ही स्पर्धांत मी १०० वॅटचा संच आणि साधा डायपोल घेऊन भाग घेतला. या तिन्हींची नोंद ज्यावर केली, त्या एन वन एमएम लॉगर प्लस या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा अभिप्राय आहे.

अनेक स्पर्धा एकत्र खेळताना खरी अडचण संपर्क होण्याची नसते, देवाणघेवाणीची, म्हणजे प्रत्येक संपर्कात एकमेकांना द्यायच्या ठरावीक माहितीची असते. आरईएफमध्ये फ्रेंच केंद्र आपल्या जिल्ह्याचा क्रमांक देते आणि आपण सिग्नलच्या अहवालासोबत अनुक्रमांक द्यायचा. यूबीएमध्ये बेल्जियन केंद्र अनुक्रमांकाला प्रांताची अक्षरे जोडते. बार्टग स्प्रिंटमध्ये अहवालही नसतो, नुसता अनुक्रमांक पाठवायचा. शिवाय प्रत्येक स्पर्धेचा अनुक्रमांक १ पासून स्वतंत्रपणे मोजायचा. वहीत हे सांभाळायचे म्हटले तर रात्री दोन वाजता चूक ठरलेलीच. एन वन एमएममध्ये एकाच डेटाबेसमध्ये तिन्ही स्पर्धांचे वेगवेगळे लॉग (संपर्कांच्या नोंदी) उघडून ठेवता येतात. एकातून दुसऱ्यात गेले की अनुक्रमांकाची मोजणी, दुबार संपर्काची तपासणी आणि गुणांची बेरीज त्या त्या स्पर्धेनुसार बदलते. शनिवारी संध्याकाळी साडेसहानंतर, जेव्हा तिन्ही स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या, तेव्हा या एका सोयीने मला सावरले.

सर्वाधिक जीव जडला तो बँडमॅपच्या, म्हणजे कोणते केंद्र कोणत्या वारंवारतेवर आहे ते दाखवणाऱ्या खिडकीच्या, रंगांवर. निळे कॉल साइन (केंद्राचे ओळखचिन्ह) म्हणजे साधा नवा संपर्क, लाल म्हणजे नवा गुणक (एकूण गुणांना ज्याने गुणतात तो नवा जिल्हा, प्रांत किंवा देश), हिरवे म्हणजे एकाहून अधिक गुणक, आणि राखाडी म्हणजे आधीच झालेला. २१ मेगाहर्ट्झवर गर्दीत लाल रंगाचे फ्रेंच कॉल साइन दिसले की हात आपोआप तिकडे वळतो. त्याच्या जोडीला एंटर दाबताच पुढचा योग्य संदेश पाठवणारी सुविधा आहे, जी कंट्रोल आणि एम या कळांनी चालू होते. ती अंगवळणी पडायला अर्धा तास लागतो, पण एकदा पडली की मोर्समध्ये कान फक्त ऐकण्यासाठी मोकळा राहतो.

तयारी मात्र आधीच करायला हवी. लॉग उघडताना देवाणघेवाणीत काय पाठवायचे ते भरावे लागते आणि फंक्शन कळांचे संदेश प्रत्येक स्पर्धेसाठी वेगळ्या फाइलीत लिहून जोडावे लागतात. स्प्रिंटसाठी त्यांतून ५९९, म्हणजे सिग्नलचा अहवाल, काढून टाकणे विसरू नये. हे काम मी शुक्रवारी रात्री उरकले आणि यूबीएसाठी आपल्या आवाजातील हाकही ध्वनिमुद्रित करून ठेवली, त्यामुळे घसा रविवारपर्यंत टिकला.

उणिवाही सांगायला हव्यात. हे फक्त विंडोजवर चालते. छोट्या लॅपटॉपच्या पडद्यावर नोंदीची, लॉगची, बँडमॅपची आणि आरटीटीवायची खिडकी एकमेकींवर चढतात, म्हणून दुसरा मॉनिटर असेल तर जोडावाच. मदतपुस्तिका सविस्तर आहे, परंतु इंग्रजीत आणि फार विस्तृत. नवशिक्याने आधी नोंदीच्या खिडकीचे प्रकरण वाचावे. शनिवारी १४ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण सुरू केले की संगणक आणि रेडिओ यांचा संबंध तुटत होता. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. रेडिओची ऊर्जा यूएसबी केबलमध्ये शिरत होती आणि केबलीला फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून चार वेढे देताच ते थांबले.

रविवारी रात्री साडेअकराला आरईएफ संपल्यावर तिन्ही लॉगच्या कॅब्रिलो फाइली (आयोजकांकडे पाठवायच्या ठरावीक स्वरूपातील फाइली) स्वतंत्रपणे तयार करायला दहा मिनिटेही लागली नाहीत. मर्यादित साधनांवर एकाहून अधिक स्पर्धा खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक मराठी हॅमने हे सॉफ्टवेअर वापरून पाहावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, तर किमान आठवडाभर आधी.