काळी दोनचा सा आणि अर्ध्या तासाची शिकवणी

पहिल्या शिकवणीत वाद्य केसमधून बाहेरच आलं नाही. तीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटं मी नुसतं माउथपीस फुंकत होतो आणि आवाज निघत होता जत्रेतल्या पिपाणीचा. शिक्षिका पियानोची एकच पट्टी दाबायची, मान हलवायची, पुन्हा दाबायची. तिला माझ्याकडून तोच स्वर हवा होता. अल्टो सॅक्सोफोनचं माउथपीस एकटं फुंकलं तर 'ए' लागला पाहिजे. त्याच्या वर गेलात तर ओठांची पकड आवळलेली, खाली घसरलात तर ढिली. मी शाळेत असताना गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, त्यामुळे स्वर लगेच ओळखला: पांढरी सहा, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. ओळखायला क्षणभर लागला, लावायला तीन आठवडे गेले.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात प्रयोगशाळेत नोकरी करतो. वय 44. कर्मचाऱ्यांना इथे दर सत्राला एक विषय फुकट शिकता येतो. सहकारी त्यात हिशेबशास्त्र वगैरे शहाणपणाचं काहीतरी घेतात. मी संगीत विभागात सॅक्सोफोनची एकट्याची शिकवणी घेतली, लागोपाठ दोन सत्रं. इथल्या मराठी मंडळातले चारपाच जण तेव्हापासून विचारतात, मुलाला घालू का, आम्हाला घेतील का, किती पडतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी पैसे. आठवड्याला अर्धा तास, एक क्रेडिट, सत्रात चौदा शिकवण्या. ट्यूशन माफ, हे खरं. पण संगीत विभाग शिकवणीची वेगळी फी लावतो आणि ती माफीत बसत नाही. हे मला कळलं बिल आल्यावर: 325 डॉलर. नाव नोंदवताना पानावर कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं, आणि दोन कार्यालयांनी मला एकमेकांकडे धाडलं. सरकारी कचेरी ती सरकारी कचेरी, इचलकरंजी काय आणि इथे काय. तरी चौदा अर्ध्या तासांना भागलं तर गावातल्या वाद्यांच्या दुकानात शिकवणी घेण्यापेक्षा स्वस्तच पडलं. ट्यूशन स्वतःच्या खिशातून भरायची असेल तर मात्र हे गणित साफ उलटतं. मग दुकानातच जा. विद्यापीठाची वाद्यं संगीत मुख्य विषय असणाऱ्यांनाच मिळतात, म्हणून सॅक्सोफोन मी महिन्याला 55 डॉलर भाड्याने आणला. शिवाय रीड, म्हणजे माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी. दहाचा एक डबा, त्यात चार बरी निघतात, तीन कामचलाऊ, बाकीची कशासाठी बनवतात देव जाणे.

दुसरी गोष्ट, विद्यापीठ म्हटल्यावर प्रोफेसर शिकवतील असं धरून चालू नका. प्रोफेसरांचा वेळ मुख्य विषयवाल्यांना. आमच्यासारख्या हौशी लोकांना डॉक्टरेट करणारे विद्यार्थी शिकवतात. माझी शिक्षिका सत्तावीस वर्षांची होती. मी सवयीने 'मॅडम' म्हणालो तर तिला हसू आवरेना. नावाने हाक मार म्हणाली. गुरूला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, त्यामुळे वर्षभर मी तिला कुठलीच हाक मारली नाही. थेट वाक्यालाच सुरुवात करायचो.

आणि सांगतो, ती उत्तम शिकवते. प्रोफेसर नाहीत म्हणून हळहळलो होतो ते व्यर्थ. तिचा कान असा की मी भिंतीकडे तोंड करून वाजवत असलो तरी कुठलं बोट उशिरा उठलं हे तिला कळायचं. सुरुवातीचे दोन महिने तिने मला कुठलंही गाणं वाजवू दिलं नाही. लांब स्वर, फक्त लांब स्वर. एक स्वर धरायचा, हळूहळू वाढवायचा, तसाच उतरवायचा, मध्ये थरथर चालणार नाही. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज भरतात त्याचाच हा भाऊ. घरी बायको म्हणाली, "अहो, दीडशे रुपयांच्या शिट्टीतपण हेच येतं." मला पटलंही होतं. पण दहाव्या आठवड्यात एक दिवस खालचा 'सी' असा लागला की खिडकीची काच गुणगुणली. शिक्षिकेने काही न बोलता वहीत एक टिकमार्क केला.

ह्या 'सी'ची गंमत पेटी शिकलेल्यांना कळेल. अल्टो सॅक्सोफोन हे ई फ्लॅटचं वाद्य. कागदावर 'सी' लिहिलेला, बोटं 'सी'ची, पण ऐकू येतो तो पेटीचा काळी दोन. म्हणजे कागदावरचं नाव आणि कानावरचा सूर ह्यांत कायमचं अंतर. माझ्या डोक्यात पट्ट्या पक्क्या बसलेल्या असल्यामुळे पहिला महिनाभर मी वेडा झालो. डोळे सांगायचे पांढरी एक, कान सांगायचा काळी दोन. शिक्षिकेला वाटायचं मला नोटेशन वाचता येत नाही. शेवटी मी तिला कागदावर पेटीच्या पट्ट्या काढून दाखवल्या, तेव्हा तिला माझा घोळ कळला आणि तिने एक सोपा उपाय सांगितला: कानाला जे कळतं तोच तुझा सा, कागदावरचं नाव हा नुसता बोटांचा पत्ता. त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. पेटीवाल्यांनो, काळी दोनचा सा हवा असेल तर अल्टोवर 'सी' धरा. काळी एकचा हवा असेल तर बी फ्लॅट. पांढरी सहा मागितली तर नम्रपणे नाही म्हणा, एफ शार्पमधून वाजवायला मुरलेला माणूस लागतो.

आता ज्यावरून आमचं खरं वाजलं ते. माझा कान आपल्या गाण्यावर वाढलेला. मी कुठलाही स्वर थेट लावतच नाही, खालून किंचित उचलून त्यावर येतो. मला त्याची जाणीवही नव्हती. तिने पहिल्याच सोप्या धूनमध्ये स्वरांखाली पेन्सिलीने बारीक बाण काढायला सुरुवात केली. पान भरलं. म्हणाली, "हे सगळे स्कूप. स्वर खालून उचलू नकोस, जागेवरच लाव." मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला मींड म्हणतात आणि ती यावी म्हणून लोक वर्षानुवर्षं घासतात. ती म्हणाली, मुद्दाम केलीस तर अलंकार, न करता येत नाही म्हणून झाली तर खोड. तुझी कुठली? मी गप्प बसलो. पुढचे चार आठवडे जिभेने रीडला नेमका ठोका देऊन स्वर सुरू करण्याचा सराव. प्रत्येक स्वर स्वच्छ, चौकोनी, विटेसारखा. मनातून मला ते रुक्ष वाटायचं, आणि अजूनही थोडं वाटतं. पण आता मींड घ्यायची की नाही हे मी ठरवतो. आधी ओठ ठरवायचे.

कंपनाचंही तेच. तिकडे व्हायब्रॅटो जबड्याने करतात आणि चक्क मोजून शिकवतात: ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 72 वर लावायचा, एका ठोक्यात चार लाटा. आंदोलन मोजायचं ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली. मोजून केलेलं आंदोलन दरबारी रागात घातलं तर वडीलधारी माणसं उठून जातील.

ह्या वादात मी तिला कद्री गोपालनाथ ऐकवले. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन बघून त्याच्यावर भाळलेला आणि पुढे त्याच अल्टोवर अख्खं कर्नाटक संगीत वाजवणारा हा माणूस. गमकं नीट निघावीत म्हणून त्यांनी वाद्यात फेरफारही करून घेतले होते. तिने ऐकलं, थांबवलं, पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. अर्धा तास संपला, बाहेर पुढचा विद्यार्थी उभा, तरी ऐकत राहिली. पुढच्या आठवड्यात तीच मला सांगत होती की रुद्रेश महंथप्पा हे प्रिन्स्टन विद्यापीठात जॅझ शिकवणारे सॅक्सोफोनवादक आहेत आणि त्यांनी 2008 साली गोपालनाथांबरोबर अल्बम केला आहे. मला हे ठाऊक नव्हतं. मी हिंदी सिनेमातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग आणि जॅझ वाजवणारे गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस एवढ्यावरच फुशारकी मारत होतो. त्यानंतर माझ्या पानावरचे बाण थांबले नाहीत, पण कुठे कुठे बाणाशेजारी प्रश्नचिन्ह येऊ लागलं.

तिच्याकडून कळलेली आणखी एक गोष्ट, घराण्यांची आवड असलेल्यांसाठी. अॅडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये ह्या वाद्याचं पेटंट घेतलं आणि 1857 पासून तो स्वतः तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, लष्करी वादकांना शिकवत होता. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो वर्ग बंद पडला. पुन्हा सुरू झाला थेट 1942 साली, मार्सेल म्यूल ह्यांच्याकडे. बहात्तर वर्षं गादी रिकामी! अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने 1953 साली लॅरी टील ह्यांना सॅक्सोफोनचे पूर्णवेळ प्राध्यापक नेमलं, अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठातले पहिलेच. तिच्या गुरूंचे गुरू ह्या टील ह्यांचे विद्यार्थी. म्हणजे कागदोपत्री मी टील घराण्याचा. हे मी मंडळात सांगितल्यावर एका काकांनी विचारलं, "गंडा बांधला का?" म्हटलं, बांधला, 325 डॉलरचा.

सरावाच्या खोल्यांबद्दल तक्रार आहे. तळघरात पंधरा खोल्या, संध्याकाळी सगळ्या मुख्य विषयवाल्यांच्या. रात्री नऊनंतर मिळते, तीही शेजारी तुतारीवाला असेल ती. भिंती नावापुरत्या. हीटर एवढा कोरडा की रीड ओठाला लावेपर्यंत वाळून वाकडी होते. घरी वाजवायची सोय नाही, सॅक्सोफोन हळू वाजतच नाही. मी कोटांच्या कपाटात तोंड घालून वाजवून पाहिलं, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी आपटली. शेवटी गाडी पार्किंगमध्ये लावून मागच्या सीटवर सराव करायचो. जानेवारीत उणे पंधरा असताना थंड वाद्य इतकं उतरलेलं वाजतं की ट्यूनरवरचा काटा मला बघून लाजायचा. फुंकून गरम झालं की चढतं, तोवर बोटं बधिर.

सत्राच्या शेवटी ज्युरी, म्हणजे वादनाची परीक्षा. आमच्यासाठी ऐच्छिक, पण ती म्हणाली, दे. तीन परीक्षक, सात मिनिटं, दोन स्केल (स्वरसप्तकं) आणि एक एट्यूड, म्हणजे सरावासाठी रचलेली धून. हात एवढे घामेजले की उजवा अंगठा हुकावरून घसरला. बी फ्लॅटचा स्केल मात्र न अडखळता गेला, कारण तो मी पार्किंगमध्ये शेकडो वेळा घोटला होता. शेऱ्यांचे कागद मिळतात. एकावर लिहिलं होतं, 'स्वर सुंदर, लय घाबरलेली'. अगदी बरोबर.

मे महिन्यात शिक्षिका पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात गेली आणि इथे ह्या सेवेचा सगळ्यात मोठा दोष उघडा पडतो. डॉक्टरेटवाले बदलत राहतात. नवा मुलगा आला, त्याच्या वेळा भरल्या, मी प्रतीक्षायादीत. अख्खं सत्र कोरडं गेलं. शिवाय एखाद्या आठवड्यात तुम्ही आजारी पडलात तर शिकवणी बुडाली, भरून मिळत नाही. शिक्षक आजारी पडला तर मिळते.

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीत आरतीला सॅक्सोफोन आणायचा आग्रह झाला. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, दोनशे माणसं. मी आठवडाभर काळी दोनमध्ये बसवलेलं. पेटीवाल्या काकांनी सुरुवात केली काळी एकमध्ये. मी पहिल्या ओळीला वाजवलं ते ऐकून ढोलकीवालासुद्धा थांबला. काका पेटीवरून मान वळवून ओरडले, "अरे, एक सूर खाली ये की!" काळी एक म्हणजे बी फ्लॅट, ज्युरीवाला स्केल. दुसऱ्या कडव्यापासून बोटं आपोआप तिकडे गेली. मींडही घेतली, मुद्दाम. पहिल्या रांगेतल्या पोरांनी कान झाकून घेतले होते, पण ते आवाजामुळे, बेसुरामुळे नव्हे असं मी धरून चाललोय.

तर, कुणी घ्यावी? कर्मचारी असाल, किंवा मूल इथेच शिकत असेल आणि क्रेडिट फीमध्ये बसत असेल तर डोळे मिटून घ्या. चित्रपटातली गाणी पटकन वाजवायची असतील तर नका घेऊ, महिनाभरात पळून याल. शाळकरी मुलांना तर हा वर्ग मिळतच नाही, त्यांनी गावातल्या दुकानाकडे जावं. नाव नोंदवण्याआधी फीचा आकडा ईमेलवर लेखी मागा आणि शिक्षकाची पदवी कधी पुरी होणार हेही विचारा. आगाऊपणा वाटेल, पण विचारा.

कालच ईमेल आली, नव्या मुलाकडे जानेवारीत मंगळवारी सकाळी साडेआठची वेळ सुटली आहे. घेतली. पहिल्या दिवशी त्यानेही माउथपीसच काढायला सांगितलं तर पांढरी सहा तयार असावी म्हणून सध्या गाडीत सिग्नलला थांबलो की तेवढंच वाजवतो. शेजारच्या गाडीतले बघतात.